एका वाणाचे अकरा फोन

माझा फोन जुना नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या वर्षभरात तो जुना झालाय असं सांगणारे मला फार भेटले आणि त्यातल्या एकालाही मी चहा विचारलेला नाही. फोनने तीन पावसाळे पाहिलेत. काच शाबूत आहे. सकाळी चार्ज केला की रात्रीच्या भाकरीपर्यंत टिकतो. अंगणातून फोटो काढला तर विसापूरच्या तटाचा दगडन् दगड वेगळा दिसतो. आमच्या घरातला मिक्सर चौदा वर्षांचा आहे, शिलाई मशीन माझ्या लग्नातलं आहे आणि नवरा तर या दोघांहून जुना आहे. यातलं काहीही बदलून टाका असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

मी मळवलीच्या बंगल्यांमध्ये साफसफाई करते. आमच्या गावाच्या भाताच्या खाचरांना लागून गेल्या वीसेक वर्षांत बंगले उभे राहिले. मालक मुंबईचे, पुण्याचे. ते स्वतः क्वचित येतात. लोणावळ्यात एक ऑफिस आहे, ते असे बरेचसे बंगले सांभाळतं आणि शनिवार-रविवार पर्यटकांना देतं. सोमवारी सकाळी आम्ही बाराजणी आत शिरतो. ओले टॉवेल, पोहण्याच्या टाकीकाठची कोंबडीची हाडं, गादीवर सांडलेला चिक्कीचा चुरा आणि त्याला लागलेल्या मुंग्या. शुक्रवारी दुपारपर्यंत सगळं असं करून ठेवायचं की जणू तिथे कधी कुणी राहिलंच नव्हतं. नऊ वर्षं हे काम मी करते आणि चांगलं करते. चादरीला माझ्यासारखी घडी घालणारी बाई लोणावळ्याच्या हॉटेलातही मिळणार नाही.

तीन वर्षांपूर्वी ऑफिसने सांगितलं, आता हजेरी मोबाइलवर. गेटपाशी उभं राहून फोनसमोर चेहरा धरायचा, हिरवी खूण आली की गेट उघडणार. काम झालं की प्रत्येक खोलीचा फोटो टाकायचा. अ‍ॅप आम्ही देऊ, फोन मात्र तुमचा तुम्ही घ्या, असं साहेब म्हणाले. तेव्हा आमच्यातल्या बहुतेकींकडे बटणांचे फोन होते, तेही घरातल्या पुरुषांनी वापरून टाकलेले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बारावी झालेली, महिला मंडळाच्या सभेत काय ठरलं ते लिहून ठेवणारी. वासरांत लंगडी गाय शहाणी. मी दोन दिवस विचार केला आणि फर्मान काढलं की सगळ्यांनी एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा फोन घ्यायचा. कारण साधं होतं. आमच्यातल्या निम्म्या जणींना बारीक अक्षर वाचता येत नाही. फोन जर एकसारखे असले, तर मला म्हणता येईल, ‘वरून दुसऱ्या ओळीतलं निळं चित्र दाब, मग खाली उजवीकडे बोट ने.’ बारा तऱ्हेचे बारा फोन असते तर मी शिकवता शिकवता वेडी झाले असते. शिवाय एकीचा चार्जर दुसरीला चालेल, एकीला सापडलेली युक्ती सगळ्यांना कळेल. खाचरात एकच वाण लावलं की सगळं भात एकदम निसवतं, एकदम पिकतं आणि एकाच दिवशी कापणी उरकते. मला वाटलं, फोनचंही तसंच असणार.

मळवलीहून लोकल पकडून आम्ही एक स्टेशन पुढे कामशेतला गेलो. दुकानदार हसला. म्हणाला, “मावशी, अकरा? लग्नात वाटायचेत का?” अकराही काळेच मिळाले. मग कुणाचा कुठला हे ओळखायला मी कव्हरांना लोकरीचे धागे बांधले. माझा पिवळा. परतीच्या गाडीत अकरा बायका अकरा फोन कानाला लावून एकमेकींशीच बोलत होत्या. घोरावाडीहून बसून आलेल्या एक बाई हसून हसून रडायच्या बेताला आल्या. तो दिवस फार आनंदाचा होता, हे मी नाकारणार नाही.

आम्ही बाराजणी काम करायचो आणि कामशेतला अकराजणी गेलो, हे वाचताना तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.

बारावी बाई ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. त्यांच्या आजोबांच्या पिढीने धम्म स्वीकारला, त्यांचीही दोन खाचरं आहेत, तिचा भाऊ तळेगावच्या कारखान्यात आहे. ती माझ्याएवढीच, पन्नाशीला टेकलेली, बोलायला तिखट आणि हाताला माझ्याहून चपळ. नऊ वर्षं आम्ही बंगल्याच्या मागच्या पायरीवर एकत्र डबा खात होतो. तिच्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी मी हक्काने घ्यायची. पण गावात आमची भाताच्या लावणीची सावड असते. म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या खाचरात लावणी करायची, उद्या सगळ्यांनी शेजारणीच्या, परवा आणखी कुणाच्या. मजुरी नाही, फक्त दिवसाला दिवस फेडायचा. त्या सावडीत ओढ्यापलीकडचं कुणी कधी नव्हतं. फोन घ्यायला जाताना मी सावडीतल्या बायकांना हाक दिली, आणि सावडीतल्या बायका अकरा होत्या. तिने नंतर स्वतःचा स्वतः फोन घेतला, भावाने आणून दिलेला, दुसऱ्याच कंपनीचा. मग आम्हीच तिला चिडवायचो, “तुझं येगळंच बाई काहीतरी.” ती उत्तर द्यायची नाही. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

माझे सासरे, घरातले आबा, असते तर फोनच्या वेळी त्यांनी मला अडवलं असतं. त्यांच्या चार खाचरांत कधी एक वाण नसायचं. वरच्या मुरमाड खाचरात लवकर येणारं हळवं, मधल्यात इंद्रायणी, ओढ्याकाठी उशिरा येणारा आंबेमोहर. ते म्हणायचे, “एका वाणावर घर टांगू न्हाई. करप्याचा रोग आला की समदं एका रातीत जातं.” मी हे शंभरदा ऐकलं होतं. भाताबद्दल ऐकलं होतं, म्हणून भातापुरतंच लक्षात ठेवलं.

करपा आला तो एका सोमवारी सकाळी.

गेटपाशी मी पहिली होते. फोनसमोर चेहरा धरला. चेहऱ्याऐवजी पांढरा पडदा आणि त्यावर अक्षरं: ‘हे अ‍ॅप आता या फोनवर चालणार नाही. कृपया फोन अपडेट करा.’ मी शहाणी, लगेच फोनच्या सेटिंगमध्ये गेले आणि अपडेट शोधलं. फोन म्हणाला, ‘तुमचा फोन अद्ययावत आहे.’ पुन्हा अ‍ॅप उघडलं. अ‍ॅप म्हणालं, जुना. पुन्हा फोन. फोन म्हणाला, नवा. एकाच हातात धरलेल्या एकाच वस्तूत दोन जण तावातावाने भांडत होते आणि मी मधे उभी. माझ्यामागे एकेक करून दहाजणींनी चेहरा धरला. निळा धागा, लाल धागा, हिरवा धागा. सगळीकडे तोच पांढरा पडदा.

मग बारावीने आपला फोन धरला. हिरवी खूण आली, गेट उघडलं.

आत गेल्यावर चादरी काढता काढता आमच्यातली सगळ्यात थोरली म्हणाली, “तूच म्हनलीवतीस ना, एकच घ्या म्हनून?” ती रागाने बोलली नव्हती. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं, मी उलटून तरी बोलले असते. माझ्या शब्दावर अकरा घरांनी फोन घेतले होते. अकरा घरांचं काम आता त्या पांढऱ्या पडद्यामागे अडकलं होतं.

दुपारी साहेबांचा फोन आला. लोणावळ्याचे आहेत, चाळिशीतले, वाईट माणूस नाही, फक्त वरून आलेलं वाक्य जसंच्या तसं खाली सोडतात. म्हणाले, “काकू, अ‍ॅपचं नवं व्हर्जन आलंय. तुमचे फोन जुने झाले. गुरुवारपर्यंत मी सांभाळून घेतो. शुक्रवारपासून जिची हजेरी अ‍ॅपवर लागणार नाही, तिला आत सोडता येणार नाही. मला दुसऱ्या बायका बघाव्या लागतील.”

“फोन चांगला चालतोय साहेब,” मी म्हटलं.

“चालतोय हो. पण चालून उपयोग नाही.”

हे वाक्य मी त्या रात्रीपर्यंत चघळत होते. चालून उपयोग नाही!

मंगळवारी काम उरकून मी कामशेतला गेले. बाजारातलं तेच दुकान, तोच दुकानदार. पिवळ्या धाग्याचा फोन काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, याला अपडेट घालून दे. त्याने बघितलं आणि मान हलवली. “मावशी, याला आता अपडेट न्हाई येत. कंपनीनं बंद केलं.”

“का? मी बंद केलाय का फोन वापरायचा?”

“मॉडेल जुनं झालं ना.”

त्याच्या मागे भिंतभर खोकी होती. मी त्याला म्हटलं, याच कंपनीची किती आहेत तेवढी काढ. तो काढत गेला, मी मोजत गेले. एकोणीस. नावं म्हणजे एक अक्षर, एक आकडा आणि पुढे शेपूट: कुणाला प्रो, कुणाला प्लस, कुणाला लाइट, कुणाला नुसता एस. एकाचा कॅमेरा गोल, दुसऱ्याचा चौकोनी. एकाचा रंग मोरपिशी, दुसऱ्याचा त्याहून थोडा जास्त मोरपिशी. मी विचारलं, “माझ्यानंतरचा कुठला?”

तो जरा विचारात पडला. “तुमच्या नंतरचा पण बंद झाला. त्याच्या नंतरचा पण. ह्यो हाय तो त्याच्या नंतरच्याच्या नंतरचा.”

“आणि ह्याला किती वर्षं अपडेट देणार?”

त्याने खोकं फिरवून चारी बाजूंनी वाचलं. पाण्यात टिकतो, अंधारात फोटो काढतो, अर्ध्या तासात चार्ज होतो, सगळं होतं. ते एवढं नव्हतं. म्हणाला, “ते कंपनी ठरवती.”

“मग तू बिलावर लिहून दे. पाच वर्षं चालेल म्हणून.”

“मावशी, मी गरीब मानूस,” तो हसत म्हणाला आणि चहा सांगितला. त्याचा चहा मी घेतला. त्याच्यावर माझा राग नव्हता. त्याने फक्त विकले होते.

राग कंपनीवर होता. तो मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर काढला. हे दाबा, ते दाबा करत शेवटी एक गोड आवाजाची मुलगी आली. म्हणाली, “मॅडम, आपल्या मॉडेलचा सपोर्ट संपलेला आहे, पण नवीन मॉडेलवर एक्स्चेंज ऑफर सुरू आहे.” मी तिला म्हटलं, बाळे, म्हैस आटली म्हणून मी वैरण विचारायला आले आणि तू मला खाटकाचा पत्ता देतेस. तिने माझ्या बहुमोल अभिप्रायाबद्दल आभार मानले.

मला हे समजत नाही की एवढी मॉडेलं काढायची खाज कशाला? आमच्या गावात बाई बाळंत झाली तर बारा दिवसांनी बारसं होतं, मग दीड महिन्याने डोस, मग अडीच महिन्यांनी डोस. पुढचं पोर होईपर्यंत आधीच्याला वाऱ्यावर सोडत नाहीत. आणि इथे एकोणीस पोरं भिंतीवर, नावं ठेवायलाही सवड नाही म्हणून आकडे घातलेले, आणि तीन वर्षांच्या लेकराला डोस द्यायची वेळ आली की म्हणायचं, हे आमचं नाही, नवीन घ्या. वर फोनच्याच तोंडून मला सांगायचं की तुमचा फोन अद्ययावत आहे! खोटं बोलायचं तेही माझ्याच फोनमधून. मी त्या दिवशी लोकलमध्ये बसले तेव्हाच ठरवलं की मी फोन घेणार नाही. पैशाचा प्रश्न नव्हता, किंवा तेवढाच नव्हता. चांगली वस्तू कुणाच्या सांगण्यावरून टाकून द्यायची मला लाज वाटत होती.

माझं ठरलं, पण माझ्या ठरवण्यानेच तर सगळ्या अडकल्या होत्या. बुधवारी संध्याकाळी अंगणात सगळ्यांना बोलावलं आणि या वेळी फर्मान काढलं नाही. म्हटलं, “तेव्हा माझं चुकलं. आता मी काही सांगणार न्हाई. मी घेणार न्हाई एवढं सांगते. ज्यांना घ्यायचा त्यांनी घ्या, मी त्यांच्याशी अबोला धरणार न्हाई.”

थोरली म्हणाली, “माजा फोन नातवाचं गाणं दावतो, डॉक्टरचा फोटो दावतो, समदं दावतो. त्याला मेलेला कोन म्हनतंय?” दुसरी म्हणाली, “शुक्रवारी गेटवर जाऊ. सोडलं तर काम, न्हाई तर बसू.” ठरलं. भीती सगळ्यांच्या तोंडावर होती, माझ्याही. दुसऱ्या बायका बघतो असं साहेब म्हणाले होते आणि बायका मिळतात, हे आम्हाला ठाऊक होतं.

गुरुवारी दुपारी ती आली. बारावी. अंगणाच्या कडेला उभी राहिली. मी म्हटलं, “ये की, बस.” ती ओट्यावर बसली. नऊ वर्षं एकत्र डबा खाऊन माझ्या ओट्यावर ती पहिल्यांदा बसत होती.

“साहेबांचा फोन आलता,” ती म्हणाली. “कामशेतकडच्या बायका आनत्यात, नवे फोनवाल्या. मला म्हनले, तू त्यांना काम दाव, तुला मुख्य करतो.”

मी म्हटलं, “घे मग. तुझा हात चांगलाय. तुला मिळायलाच पाहिजे.”

“घे म्हनायला तुझं काय जातंय?” तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. “एक इचारते. तवा फोन घ्यायला अकराजनी गेलात. मला का न्हाई हाक मारली?”

माझ्याकडे उत्तरं होती. तू त्या दिवशी सुट्टीवर होतीस. तुझा भाऊ कारखान्यात, तो बघेल वाटलं. मी त्यातलं एक उचललं असतं तर तिने ऐकूनही घेतलं असतं. मी म्हटलं, “आठवलं न्हाई.”

“व्हय,” ती म्हणाली. “लावनीला पन आठवत न्हाई.”

ती उठून गेली. उद्या काय करणार हे तिने सांगितलं नाही आणि विचारायचं तोंड मला नव्हतं. एखाद्याला न आठवणं हीसुद्धा एक रीतच असते, पिढ्यान् पिढ्या पाळलेली. माझा राग कंपनीवर होता, कारण तिने मला मोजलं नाही. मी बारावीला मोजलं नव्हतं, त्याचा राग ती कुणावर काढणार होती?

शुक्रवारी सकाळी सात वाजता आम्ही अकराजणी मोठ्या बंगल्याच्या गेटवर. त्या बंगल्यात संध्याकाळी पंचवीस पाहुणे येणार होते, कुणाच्यातरी लग्नाचा वाढदिवस. एकेकीने फोन धरला, पांढरा पडदा बघितला आणि समोरच्या रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसली. धुकं होतं. एक्स्प्रेस वेवरच्या गाड्यांचा आवाज येत होता, गाड्या दिसत नव्हत्या.

साडेसातला ती आली. हातात डबा, दुसऱ्या हातात फोन. आमच्याकडे पाहिलंही नाही. सरळ गेटपाशी गेली, चेहरा धरला, हिरवी खूण आली आणि गेट खाडकन उघडलं. माझ्या शेजारी बसलेल्या थोरलीने हळूच म्हटलं, “जाऊ दे, तिचं तरी व्हईल.” मीही मनात तेच म्हटलं. अगदी खरं सांगायचं तर तेच म्हणायचा प्रयत्न केला.

ती आत गेली नाही. गेट उघडं टाकून ती रस्ता ओलांडून आली आणि कठड्यावर आमच्या रांगेच्या शेवटी बसली. डबा मांडीवर ठेवला.

“माजी हजेरी लागली,” ती म्हणाली. “आता अ‍ॅपला इचारा, मी कामावर हाय.”

आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं आणि थोरलीला असं हसू फुटलं की तिला ठसका लागला. काम करायला तयार असलेल्या अकराजणी त्या अ‍ॅपच्या लेखी गैरहजर, आणि कठड्यावर पाय हलवत बसलेली एक हजर! हसण्याचा भर ओसरला तशी ती म्हणाली, “दात काढू नका. मी तुमच्यासाटी न्हाई बसले. तुमचे फोन आज म्हातारे झाले. माजा पुढच्या वर्षी व्हनार. तवा कोन बसंल माज्यासंगं? ते आत्ता सांगा, न्हाई तर मी चालले आत.”

तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे.

“मी बसंन,” मी म्हटलं. “कुणी बसो न बसो.”

“आनि मी,” थोरली म्हणाली. मग एकेक करून सगळ्याच म्हणाल्या. तिने मान हलवली, डबा उघडला आणि जवळ्याची चटणी रांगेत पुढे सरकवली.

नऊला साहेब मोटारसायकलवरून आले. त्यांनी आपल्या फोनवर पाहिलं, मग आमच्याकडे. “एकच हजर दिसतेय.”

“ती मीच,” ती म्हणाली आणि बोटाला लागलेली चटणी चाटली.

“मग आत का नाही?”

“अ‍ॅपनं आत जा म्हनून कुटं सांगितलंय? हजेरी लावा म्हनलंय. लावली.”

साहेब माझ्याकडे वळले. “काकू, हे तुमचं डोकं.”

“माझं नव्हे,” मी म्हटलं. “माझं डोकं चाललं असतं तर ही वेळ आली नसती. पण आता ऐका. फोन आमचा आहे आणि तो चांगला आहे. अ‍ॅप तुमचं आहे. तुमच्या अ‍ॅपला नवा फोन लागत असेल तर तो अ‍ॅपवाल्याने घ्यावा. झाडू तुम्ही देता, फिनेल तुम्ही देता, मग हजेरीचं यंत्रच तेवढं आम्ही घरून का आणायचं?”

“माझ्या हातात नाही हो. अ‍ॅपवाले म्हणतात फोनच्या कंपनीने अपडेट दिलं नाही. कंपनी म्हणते मॉडेल बंद.”

“मग तुम्ही तिघं एकत्र बसून भांडा. आम्ही तोवर संडास धुतो.”

ते बरंच बोलले. कामशेतच्या बायका आणतो म्हणाले. आणा, आम्ही म्हटलं, त्यांना काम कोण दाखवणार? ती कठड्यावरून हललीही नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. आत बारा खोल्या तशाच, आठवड्याची धूळ आणि ओला वास, आणि संध्याकाळी पंचवीस माणसं. साडेदहाला त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, आमच्या अकराजणींचे चेहरे एकेक करून त्यात घेतले आणि म्हणाले, “जा आता.” त्यांच्या फोनवर अ‍ॅप चालत होतं. त्यांचा फोन दोन महिन्यांचा होता.

आम्ही बाराजणींनी ते घर दुपारी तीनपर्यंत आरशासारखं केलं. इतकं चांगलं काम आम्ही आधी कधी केलं नव्हतं. पुढच्या सोमवारी गेटवर ऑफिसचा एक फोन लटकवलेला होता, प्लास्टिकच्या पिशवीत, साखळीने बांधून. आता सगळ्याजणी त्याच्यासमोरच चेहरा धरतो, तीसुद्धा. तो जुना होईल तेव्हा साहेब बघतील.

यंदा पाऊस लागला आणि लावणीचे दिवस आले. खाचरांत मी या वेळी तीन वाणं टाकली आहेत. सावडीचं ठरवायचं होतं. मी ओढा ओलांडून तिच्या घरी गेले. ती दारात तांदूळ निवडत होती. म्हटलं, “लावणीला ये. आमच्या सावडीत.”

तिने सूप खाली ठेवलं नाही. “यीन,” ती म्हणाली. “आदी माज्या खाचरात कवा येताय ते सांगा.”

सावड अशीच असते. दिवसाला दिवस. मी घरोघर फिरले. दोन घरांतून कुरकूर आली, पुरुषांची. त्या घरातल्या बायकांनी ती निस्तरली, कशी ते मला विचारू नका. पहिला दिवस तिच्या खाचरात ठरला.

ओढ्यापलीकडच्या त्या खाचरात मी जन्मात पाय ठेवला नव्हता. चिखल आमच्यासारखाच होता. बांधावर एक स्टीलचा डबा ठेवला होता आणि त्यात आमचे फोन, पिवळा, लाल, निळा धागा बांधलेले आणि एक बिनधाग्याचा तिचा, पावसापासून झाकून. रोपांच्या मुठी सोडत आम्ही रांगेने मागे मागे सरकत होतो, तेवढ्यात डब्यातला एक फोन किणकिणला. वाकलेल्या कमरेवरून थोरलीने विचारलं, “कुनाचा गं?”

माझा होता, तो आवाज मला ओळखू येतो. कंपनीचा मेसेज. नवं मॉडेल आलं की ते मला आवर्जून कळवतात, अपडेट तेवढं कळवत नाहीत.

“कंपनीचा,” मी म्हटलं. “वाजू दे.”

तिच्या हातातली मूठ संपली होती. तिने माझ्याकडे हात पसरला, मी माझ्यातली अर्धी रोपं तिला दिली आणि आम्ही ओळ पुढे नेली.